गडाची दुसरी वाट

सह्याद्रीतील बहुतेक गडांना दोन वाटा असतात. एक दरवाजाची आणि दुसरी माहितगाराची. पहिली वाट पायऱ्यांची, बुरुजांच्या माऱ्याखालून जाणारी व सर्वांस ठाऊक असलेली. तिच्यावरून राजे चढले, पालख्या चढल्या आणि आज सहलीची मुलेही चढतात. दुसरी वाट कोणी बांधलेली नसते. तिच्यावर पाटी नसते, खूण नसते, नकाशातही ती बहुधा सापडत नाही. ती ज्याच्या पायांना ठाऊक असते त्याच्यापुरतीच ती वाट. इतरांस तो नुसता ओढा, घसारा किंवा कडा. पहिल्या वाटेचे वर्णन इतिहासकारांनी विपुल केले आहे. दुसरीचा उल्लेख आला तरी ओझरता येतो, आणि ती दाखविणाऱ्या माणसाचे नाव तर सहसा येतच नाही.

आपल्या संघाच्या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहावे अशी चिटणिसांची सूचना आली, तेव्हा या दुसऱ्या वाटेविषयीच लिहावे असे ठरविले. आपल्या महादेव कोळी समाजाच्या अनेक पिढ्या अशाच वाटांच्या आधाराने जगल्या. शिवाय प्रस्तुत लेखकावर अशा एका वाटेचे आणि एका वृद्ध वाटाड्याचे ऋण आहे. ते फेडण्याची वेळ निघून गेली. निदान ते मान्य तरी करावे, एवढाच या लेखाचा हेतू होय.

ती वाट म्हणजे हरिश्चंद्रगडाची नळीची वाट. हरिश्चंद्रगड पुणे, ठाणे आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या तीन जिल्ह्यांच्या सीमेवर उभा असून त्याची उंची सुमारे १४२४ मीटर, म्हणजे साडेचार हजार फुटांहून अधिक आहे. गडावर हरिश्चंद्रेश्वराचे प्राचीन देवालय, पाण्यात उभे असलेले केदारेश्वराचे लिंग आणि चांगदेवांच्या ‘तत्त्वसारा’ची स्मृती आहे. पश्चिमेस कोकणकडा. हा कडा सरळ उभाही नाही. तो आत वळलेला आहे. पावसाळी दिवसांत खाली दरीत ढग आणि पाठीशी सूर्य असला म्हणजे येथे पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य दिसते व त्याच्या मध्यभागी पाहणाऱ्याची सावली पडते. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या चमत्काराची नोंद करून ठेविली आहे. आपल्या गुराख्यांनी तो त्याच्या कितीतरी पिढ्या अगोदर पाहिला असला पाहिजे. परंतु त्यांच्याजवळ दौत-लेखणी नव्हती.

गडावर जाण्याच्या रूढ वाटा दोन: उत्तरेकडून पाचनईची आणि जुन्नरच्या अंगाने खिरेश्वरहून टोलार खिंडीतून येणारी. नळीची वाट कोकणातून, मुरबाड तालुक्यातील बेलपाड्याहून निघते. कड्याच्या कुशीत जी अरुंद घळ पडली आहे, तिलाच नळी म्हणतात. पावसाळ्यात तिच्यातून लोंढा कोसळतो आणि उन्हाळ्यात तेथे घराएवढ्या धोंड्यांची रास उरते. त्या धोंड्यांवरून, मधूनमधून कातळाच्या टप्प्यांना बोटे रुतवीत, तीन हजार फुटांहून अधिक चढायचे. वाट मळलेली नाही, मळणार कशी? दरवर्षीचा पाऊस धोंडे हलवितो आणि गेल्या वर्षीची वाट पुसून टाकतो. म्हणून ही वाट जमिनीवर राहत नाही, माणसांच्या आठवणीत राहते.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी मी घाटाखालच्या एका शाळेत नवा शिक्षक म्हणून गेलो होतो. शाळेतील एका मुलाचे आजोबा आम्हां सर्वांचे ‘बाबा’ होते. वय सत्तरीच्या घरात, कमरेच्या आकडीला कोयता, पायांत काही नाही. माघ महिन्यातील एका सुटीच्या दिवशी त्यांनी मला नळीने गडावर नेण्याचे कबूल केले. भाकरी, ठेचा आणि पाण्याचा भोपळा घेऊन आम्ही पहाटे निघालो.

मी तरुण होतो आणि तरुणाईस साजेल इतका अहंकारही अंगात होता. दोन तासांच्या चढणीनंतर घळीला फाटा फुटला. एक अंग रुंद, उजेडाचे, थेट आकाशाकडे जाणारे दिसत होते. दुसरे अरुंद, काळोखाचे, धोंड्यांनी बुजल्यासारखे. बाबा मागे पाणी पीत बसले होते. मी त्यांची वाट न पाहता रुंद अंगाने पुढे झालो. पाऊण तास चढलो असेन. पायांखालचे दगड सुटू लागले, आणि माथ्यावर एकाएकी गुळगुळीत कातळ पुढे झुकून आला. तो कोरडा पडलेला धबधबा होता. वर जाता येईना. खाली पाहिले तेव्हा आपण कोठून चढलो तेही दिसेना. हातपाय कापू लागले. किती वेळ मी त्या कातळाला बिलगून उभा होतो, सांगता येत नाही. मग खालून बाबांचा शांत आवाज आला, “गुरुजी, हलू नगा. मी येतो.” ते आले, माझा एकेक पाय हातांनी धरून खाचेत ठेवीत त्यांनी मला खाली उतरविले. फाट्यापाशी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, “ती पान्याची वाट हाय. पान्याला पडता येतं, आपल्याला न्हाई.”

मी ओशाळून विचारले, “बाबा, मग येथे एखादी खूण का करून ठेवीत नाही? चार दगड रचले तरी पुरे.” ते हसले. “खूण केली तर ती समद्यांलाच दिसंल की. आमच्या म्हाताऱ्यांनी कधी केली न्हाई.” मी ते बोलणे त्या वेळी अडाणीपणाचे समजलो. पुढे इतिहासाचे थोडेफार वाचन झाले तेव्हा त्याचा अर्थ उमगला. खूण नसणे हीच त्या वाटेची तटबंदी होती.

वर जाताना बाबा प्रत्येक ठिकाणाचे नाव सांगत होते. ज्या धोंड्याला टेकून दम खायचा त्याला एक नाव, ज्या कपारीत उशिरापर्यंत पाणी टिकते तिला दुसरे, जेथे पाठीवरचे ओझे काढून हातात घ्यावे लागते त्या बेचक्याला तिसरे. दहाबारा नावे असतील. कलत्या उन्हात आम्ही माथ्यावर पोहोचलो आणि कड्याच्या काठाशी बसलो, तेव्हा त्यांनी मला सहज विचारले, “गुरुजी, तुमच्या पुस्तकात हायत का ह्या वाटा?” मी म्हणालो, “नाहीत.” ते काही बोलले नाहीत. खाली कोकणाकडे पाहत राहिले.

असो. आता इतिहासाकडे वळू.

चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिल्लीचा सुलतान महंमद तुघलक याने कोंढाण्यास, म्हणजे आजच्या सिंहगडास, वेढा घातला. गड कोळी सरदार नाग नाईक याच्या ताब्यात होता. इसामी या समकालीन फार्सी कवीने आपल्या ‘फुतुह-उस-सलातीन’ या ग्रंथात हा वृत्तांत दिला आहे. दिल्लीच्या अफाट सैन्यापुढे हा गड आठ महिने उभा राहिला आणि अखेर तलवारीने नव्हे, अन्न संपल्याने पडला. दक्षिणेतील राजांची सिंहासने एकामागून एक कोसळत असताना एका डोंगरी नाईकाने आठ महिने टिकाव धरला, ही गोष्ट सामान्य नव्हे. दरवाजापुढे सुलतान बसला असता कड्यांच्या वाटा ठाऊक असणे हे केवढे बळ, याचा विचार वाचकांनीच करावा.

त्याच गडाची दुसरी कथा सर्वश्रुत आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे यांनी सिंहगड घेतला आणि तेथेच देह ठेविला. घोरपडीची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती लोककथा म्हणून गोड आहे. परंतु कृष्णाजी अनंत सभासद यांनी १६९७ च्या सुमारास जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत घोरपड नाही. तेथे इतकेच आहे की तानाजींनी दोन मर्दाने मावळे निवडून रात्री कड्यावरून चढविले आणि ते वानरासारखे वर गेले. त्या दोघांची नावे सभासदांनी दिलेली नाहीत. सुभेदाराचे नाव अमर झाले व ते योग्यच झाले. पण अंधारात प्रथम ज्यांची बोटे कातळाला लागली, ते दोघे ‘दोन मावळे’ एवढेच राहिले. ते अमुक ज्ञातीचे होते असा हक्क सांगण्याचा मोह आपण टाळावा. ज्यांची नावेच कोणी विचारली नाहीत त्यांच्या जातीवरून आज भांडणे शोभत नाही.

रायगडाविषयीही एक आख्यायिका सांगतात. गडाचे बांधकाम पुरे झाल्यावर शिवछत्रपतींनी सभा भरवून सांगितले की, दरवाजावाचून आणि दोर-शिडीवाचून जो गडावर येऊन दाखवील त्यास सोन्याचे कडे आणि सोन्याची थैली मिळेल. तेव्हा महार समाजातील एक वीर पुढे झाला, कड्याने वर चढला, निशाण रोवून परत आला व महाराजांस मुजरा करून उभा राहिला. महाराजांनी त्याला बक्षीस दिले आणि ती जागा बंदोबस्ताखाली आणिली. आख्यायिका अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यातील शहाणपण खरे आहे. गडाचा उणेपणा राजास कळतो तो स्थपतीकडून नव्हे. त्या मातीत वाढलेल्या माणसाकडून कळतो. याही वीराचे नाव कथेत नाही.

रामचंद्रपंत अमात्य यांच्या ‘आज्ञापत्रा’त या विषयाचे राजनीतीत रूपांतर झालेले दिसते. गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष आहे. म्हणून गड पाहून एकाहून अधिक दरवाजे आणि चोरदिंड्या कराव्या, रोजच्या राबत्यास लागतील तेवढ्या चालू ठेवाव्या व बाकीच्या चिणून टाकाव्या, असा त्यातील उपदेशाचा आशय आहे. गडाभोवतीच्या झाडीची जपणूक करण्याविषयीही तेथे सांगितले आहे. म्हणजे दुसऱ्या वाटेचे महत्त्व राज्यकर्त्यांना पूर्ण ठाऊक होते. फरक इतकाच की राजाची दिंडी चिणता येते. माणसाच्या पायांतील वाट चिणता येत नाही.

याचा प्रत्यय पुढे राज्यकर्त्यांना वारंवार आला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जावजी नाईक बांबळे यांनी पेशव्यांच्या कारभाराविरुद्ध हत्यार उचलले. रतनगडाच्या आसपासच्या दऱ्याखोऱ्यांत त्यांना पकडणे जमेना, तेव्हा शेवटी क्षमा करून राजूरकडील साठ गावांचा अधिकार त्यांनाच द्यावा लागला. ज्याला रान कळते त्याच्याशी रानात लढण्यापेक्षा त्याच्याच हाती रान द्यावे, हा त्या काळच्या मुत्सद्द्यांचा हिशोब होता.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. एप्रिल महिन्यात त्र्यंबकचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडताच त्या टापूतील हरिहरसह सतरा बळकट ठाणी लढाईवाचून शरण आली. त्यानंतर इंग्रजांनी जे केले त्याच्या खुणा आजही दिसतात. पुन्हा कोणी गडांचा आश्रय घेऊ नये म्हणून अनेक ठिकाणी कातळात कोरलेल्या पायऱ्या सुरुंगाने उडविण्यात आल्या. अलंग आणि मदन या किल्ल्यांवर जाताना जेथे पायऱ्या तुटलेल्या आहेत तेथे आजही दोर लावावा लागतो. शेकडो वर्षांची पहिली वाट दारूच्या एका स्फोटाने गेली. दुसरी वाट मात्र उडविता आली नाही, कारण ती कोणी कोरलेलीच नव्हती.

गड रिकामे झाले, तसे गडांवर आणि घाटांच्या चौक्यांवर पोट असलेली घरेही उघडी पडली. नाईकांचे हक्क आणि पगार कमी झाले. १८२८ च्या सुमारास असंतोषाचा भडका उडाला. रामजी भांगरे आणि रामा किरवा हे त्या बंडाचे पुढारी. रामा किरवा यांना पुढे अहमदनगर येथे फाशी झाली. या बंडाच्या बंदोबस्तावर असलेल्या कॅप्टन मॅकिंतोश या अधिकाऱ्याने त्यानंतर महादेव कोळ्यांविषयी एक विस्तृत वृत्तांत लिहिला. आपली कुळे, आपले नाईक, आपल्या चालीरीती यांविषयी आज जे छापील स्वरूपात मिळते त्याचा मोठा भाग त्या वृत्तांतावर आधारलेला आहे. मनाला लागणारी गोष्ट ही की, आपल्या पूर्वजांची नावे प्रथम कोणी सविस्तर टिपली असतील तर ती त्यांचा पाठलाग करणाऱ्याने टिपली.

रामजींचे पुत्र राघोजी भांगरे, अकोले तालुक्यातील देवगावचे. १८४४ पासून पुढे तीनचार वर्षे सरकारी फौजा त्यांच्या मागावर होत्या. सह्याद्रीच्या रानात ते सापडले नाहीत. १८४८ च्या आरंभी सापडले ते मैदानात, पंढरपुरास. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या कारागृहात त्यांना फाशी देण्यात आली. ज्या मुलखात त्यांची प्रत्येक वाट राखणारा माणूस होता तो मुलूख सुटला आणि ते पकडले गेले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पुढे १८५७ च्या धामधुमीत त्याच सरकारला डोंगरात धावणाऱ्या पायांची गरज भासली. तेव्हा कॅप्टन नटॉलच्या हाताखाली कोळ्यांची पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १८६१ मध्ये मोडलीही गेली. वाटाड्याचे दैव असेच असते. माथा येईपर्यंत तो पुढे. माथा आला की मागे.

आता आजची स्थिती पाहू. १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झाले. महाराष्ट्रातील सर्वोच्च अशा कळसूबाईच्या शिखरावर, म्हणजे १६४६ मीटर उंचीवर, अवघड टप्प्यांना लोखंडी शिड्या लागल्या आहेत आणि आबालवृद्ध देवीच्या दर्शनास जातात. याचा आनंदच आहे; आपल्या घरातील वृद्धांनाही त्या शिड्यांचा आधार होतो. सुटीच्या दिवशी शहरांतून शेकडो तरुण डोंगरांकडे येतात, हेही चांगले. पण त्यांपैकी काही नळीसारख्या वाटांवर माहितगाराशिवाय शिरतात. रुंद घळ पाहून ते मी केली तीच चूक करतात. आणि मागून “हलू नगा” म्हणणारे कोणी नसते. सह्याद्रीत असे अपघात झाल्याचे आपण दरवर्षी ऐकतो. मग रात्री-अपरात्री शोधाला कोणाला हाक मारतात? डोंगर चढणाऱ्या जाणत्या मंडळींबरोबर पायथ्याच्या वाडीतील आपल्याच मुलांना.

काही वर्षांपूर्वी डोंगरवाटांविषयीचे एक पुस्तक माझ्या हाती आले. त्यात अशाच एका अवघड वाटेविषयी, अमक्या साली अमक्या मंडळींनी ही वाट ‘शोधून काढली’, असे छापले होते. प्रथम राग आला. संपादकांना पत्र लिहावयास बसलो. त्या वाटेवर पिढ्यान्‌पिढ्या गुरे वळविणारे, मीठ-तांदूळ नेणारे, लेकी सासरी पोहोचविणारे लोक होते, असे सांगावयाचे होते. पण पुरावा काय देणार? मी बाबांनी सांगितलेली नावे आठवू लागलो. दम खाण्याच्या धोंड्याचे नाव काय? पाण्याच्या कपारीचे काय? एकही नाव खात्रीने आठवेना. आमच्या त्या चढाईनंतर दोन पावसाळ्यांनी बाबा वारले होते. त्यांचा तो नातू आता शहरात नोकरीस असतो आणि गावी येतो तो मोटारीच्या रस्त्याने. त्याला विचारले तर म्हणाला, “गुरुजी, आजा सांगायचा, पण तेव्हा लक्ष कुठं होतं?” पत्र तसेच अर्धे राहिले.

लक्ष माझे तरी कोठे होते? तीस वर्षांहून अधिक काळ मी मुलांना इतिहास शिकविला. सनावळ्या पाठ करून घेतल्या. समोरच्या बाकांवर बसलेल्या मुलांच्या घरीच जिवंत दप्तर होते, आणि मी त्या मुलांना ‘तुझ्या आजोबांना कोणत्या वाटा ठाऊक आहेत, ते विचारून ये’ असा एक गृहपाठ कधी दिला नाही. सभासदांनी त्या दोन मावळ्यांची नावे लिहिली नाहीत म्हणून हळहळणारा मी, माझ्या डोळ्यांदेखत चालून गेलेल्या माणसाने सांगितलेली नावे लिहून घेऊ शकलो नाही. बखरकारास दोष देण्याचा अधिकार मला उरलेला नाही.

म्हणून ज्ञातिबांधवांपाशी एक मागणे आहे. ज्यांच्या घरी अद्याप सत्तर-ऐंशी वर्षांची माणसे आहेत त्यांनी या दिवाळीस गावी जाताना एक वही बरोबर न्यावी. कोणती वाट कोठून निघते, फाटा कोठे फुटतो, पाणी कोठे असते, कोणत्या दगडाला काय नाव आहे आणि ते कोणी दिले, हे त्यांच्याच बोलीत जसेच्या तसे लिहून घ्यावे. शुद्धलेखनाची चिंता नको. ज्यांनी वाट दाखविली त्यांचे पूर्ण नाव वहीच्या पहिल्या ओळीत असावे. अशा दहा वह्या जमल्या तरी संघाने त्या जपून ठेवाव्या. आणि आपल्या मुलांपैकी जे आज वाटाडे म्हणून पाहुण्यांना डोंगरावर नेतात, त्यांच्याकडे कमीपणाने पाहू नये. नाग नाईकाच्या गडावरील शिबंदीला जे ठाऊक होते, त्यातले काही आज त्यांच्याच पायांत शिल्लक आहे.

एक सूचना मात्र अवश्य. वहीतील वाट वाचून कोणी एकट्याने नळीत शिरू नये. कागदावर नाव राहते, वाट राहत नाही. ती दरवर्षी पावसानंतर माणसाने पुन्हा चालून पाहावी लागते. यंदा माघात गुडघे साथ देतील तर बेलपाड्यापर्यंत तरी जाण्याचा माझा विचार आहे. वर चढणे आता होणार नाही. पण फाट्याच्या अलीकडे बसून वाडीतील एखाद्या म्हाताऱ्याला विचारीन, आणि या खेपेस वही जवळ असेल.